तीन वर्षं पुसणारी सीडी

१

चांद्र पंचांगातल्या नवीन वर्षाच्या सहाव्या दिवशी, दुकान उघडून फटाक्यांची माळ लावायच्या आत, वंगांच्या घरून फोन आला. म्हाताऱ्या वंगांचा थोरला, पिंग-खुन, बोलत होता.

"चिएनबाई, आमचा ऑफिसातला संगणक तीन वर्षं मागे गेलाय."

"आतला सेल गेला असेल. तारीख दुरुस्त करा."

"तारीख बरोबर आहे हो. नोंदी मागे गेल्यात."

मी माळ खाली ठेवली. शिनयिंगच्या बाजारात बावीस वर्षं संगणक दुरुस्त केल्यावर कोणता फोन दहा मिनिटांचा आणि कोणता अख्खा दिवस खाणारा, हे आवाजावरून कळतं. हा दिवस खाणार होता. सणाच्या जेवणांनी पोट बिघडलेलं, गुडघा दुखतोय, आणि स्कूटरवरून वंगांच्या हौबी गावापर्यंत वारा खात जायचं. गेले.

वंगांकडे ऑर्किडच्या सहा शेड आहेत. म्हातारा नवीन जाती काढतो. कुंडीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो, आणि त्या आकड्याचे आईबाप कोण, ते नोंदींत. बी रुजवल्यापासून पहिलं फूल यायला तीनेक वर्षं लागतात. म्हणजे या वसंतात पहिल्यांदा फुलणारी सगळी रोपं गेल्या तीन वर्षांतली, आणि नेमक्या त्याच नोंदी नाहीशा झालेल्या. आईबाप माहीत नसलेलं रोप कितीही देखणं असो, जातिवंत म्हणून कुणी घेत नाही. ते रविवारच्या बाजारात, दिवाणखान्यात ठेवायला म्हणून विकलं जातं.

अशी वेळ येऊ नये म्हणूनच मी त्यांच्या जिन्याखाली एक पेटी बसवली होती. घरातले दोन संगणक रोज पहाटे आपापली संपूर्ण प्रत तारेवरून त्या पेटीत टाकायचे. आणि संगणकच मेला तर काय, म्हणून प्रत्येकाची एक सीडी करून दिली होती. ती घालून चालू केला की संगणक सीडीवरून उठतो, तारेवरून पेटी शोधतो आणि आपली प्रत परत ओढून घेतो.

मी पेटी तपासली. अगदी पहिली, तीन वर्षांपूर्वीची प्रत कायमची ठेवलेली असते. बाकीच्या फक्त शेवटच्या सात ठेवल्या जातात. आठवी आली की सर्वांत जुनी जाते. सातही प्रती उघडून बघितल्या. सगळ्यांत नोंदी तीन वर्षांपूर्वीच थांबलेल्या.

मग पेटीची रोजनिशी उघडली. कोण आलं, काय घेऊन गेलं, सगळं ती वेळेसकट लिहून ठेवते. आमच्या पंचांगानं सरत्या वर्षाच्या बाराव्या महिन्याची चोवीस तारीख, दुपारी सव्वादोन. पेटीनं ती पहिली प्रत ऑफिसच्या संगणकाला परत दिली होती.

"हे आपोआप झालेलं नाही," मी म्हटलं. "कुणीतरी सीडी घालून केलंय."

"कुणीतरी कशाला? कोण ते मला माहीत आहे," पिंग-खुन म्हणाला आणि त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली.

२

दाराआड न्यान मुळ्याच्या वड्या तळत होती. वंगांच्या धाकट्या मुलाची ही बायको, व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. धाकटा तीन वर्षांपूर्वी गेला. आधी संगणक तोच बघायचा. तो गेल्यावर पेटी आणि सीड्यांचं काम माझ्याकडे आलं आणि नोंदी न्यानकडे. पुसली गेलेली तीन वर्षं म्हणजे हिनं केलेलं सगळं काम.

"बसा, चिएनताई. गरम आहेत," ती म्हणाली. केसांत पेन्सिल खोचलेली. दाराशी एक भरलेली पिशवी होती. मी पायानं ती जरा बाजूला सारायला गेले तर हलेना.

"कुठे निघालीस?"

"चार वाजता गावप्रमुख येणार आहेत. त्यांच्यासमोर भाऊजी सांगणार की मी जायचं. मग आयत्या वेळी कशाला आवरत बसू?"

"तू पुसलंस?"

"नाही."

"मग कुणी?"

"मला माहीत नाही." हे मात्र ती फार लवकर म्हणाली.

पिंग-खुन मागोमाग आत आला होता. "विचारा तिला, आमचं बी रुजवून देणाऱ्या रोपंवाल्या कंपनीला फोन का केला होता ते. आमच्या कोणकोणत्या नंबरची रोपं तुमच्याकडे आहेत, यादी द्या म्हणाली! त्यांच्या माणसानंच मला सांगितलं. आणि कधी? वर्षाच्या दुसऱ्या दिवशी!"

दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या सगळ्या बायका माहेरी जातात. पिंग-खुनची बायकोही गेली होती, तोही सोबत. न्यानचं माहेर समुद्रापलीकडे, म्हणून ती घरीच. म्हाताऱ्याला जेवू घालून रिकामी झालेली.

"ऑफिस उघडलं आज," पिंग-खुन बोटं मोजत म्हणाला. "नोंदी गेल्याचं कळलं आज. मग हिला चार दिवस आधी यादी कशाला हवी होती? बोल ना."

न्याननं वडी उलटली. ती निथळून ताटलीत ठेवली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला वाईट वाटलं, कारण पिंग-खुनचा हिशेब बरोबर होता. तिला आधीपासून माहीत होतं.

३

"त्या दोन्ही सीड्या दाखवा," मी म्हटलं.

ऑफिसच्या खणात दोन पाकिटं होती. एकावर माझ्याच अक्षरात 'एक, ऑफिस', दुसऱ्यावर 'दोन, पिंग-खुन'. मी दोन नंबरची काढून उजेडात धरली. तिच्यावर ताजा, गोल ओरखडा.

"ही कधी वापरली?"

"कधीच नाही."

"पिंग-खुन, माझा गुडघा दुखतोय. मला दोनदा विचारायला लावू नका."

तो खुर्चीत बसला. कान लाल झाले. "आज सकाळी. म्हटलं, तुम्हाला बोलवायच्या आधी आपणच परत आणून बघावं. एक नंबरला हात लावायची भीती वाटली, म्हणून माझी घातली. तर म्हणे पेटी सापडत नाही. रागानं ओढून काढली."

"सापडणारच नाही. तुमच्या आणि ऑफिसच्या संगणकाचं तारेचं कार्ड वेगळं. प्रत्येक सीडीत फक्त आपल्याच कार्डाची ओळख भरलेली असते. तुमची सीडी ऑफिसच्या संगणकात आंधळी."

"म्हणजे मी नाही केलं, हे सिद्ध झालं."

"दोन नंबरनं झालं नाही, एवढंच सिद्ध झालं. एक नंबरची तुम्हीही घालू शकला असता. जमीन कारखान्याला द्यायची म्हणून तुम्ही वर्षभर मागे लागलायत. नोंदी गेल्या की शेडांना अर्थ उरत नाही."

"जमीन विकायची म्हणून मी स्वतःच्या बापाची तीन वर्षं जाळीन?" त्याला खरंच लागलं असावं. मीही जरा वरमले. लोकांच्या घरात शिरून असं बोलायचा मला कंटाळा आलाय, पण बोलावं लागतं.

एक नंबरची सीडी मी पाकिटातून काढली. स्वच्छ, एकही ओरखडा नाही. पाकिटाच्या घडीत मात्र राखाडी भुकटी बसली होती, पिठासारखी बारीक. बोटांत चोळली तर वास उदबत्तीचा.

मग माझं लक्ष संगणकाकडे गेलं. वर हिरवं पाकीट होतं, मक्याच्या कुरकुरीत खाऊचं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ते सगळेच ठेवतात. माझ्या दुकानात तर नऊ आहेत. हिरवंच लागतं, आणि मुदत संपलेलं चालत नाही. हे पाकीट कोरं होतं. मुदत पुढच्या हिवाळ्यापर्यंत.

"हे कुणी बदललं?"

"मला काय माहीत? मी त्या खुळात पडत नाही."

मी पाकीट उचललं. त्याच्या चुण्यांत तीच राखाडी भुकटी होती. क्षणभर मला ते परत ठेवून घरी निघून जावंसं वाटलं.

४

ज्यानं यंत्रावर नवं हिरवं पाकीट ठेवलं, त्याला यंत्राचं वाईट करायचं नव्हतं. नुकसान करायला आलेला माणूस यंत्राला खाऊ ठेवून जात नाही. आणि पाकीट देव्हाऱ्यातल्या, उदबत्त्या खोचायच्या उदपात्रावरून तीनदा फिरवून आणलेलं होतं, नव्या गाडीचा ताईत फिरवतात तसं. रोजची राख काड्यांची असते, तुकड्यातुकड्यांची. ही चाळलेली होती. उदपात्रातली राख वर्षातून एकदाच चाळतात, वर्षअखेरीला देव स्वर्गात गेलेले असतात तेव्हा. बाराव्या महिन्याच्या चोवीस तारखेला.

या घरात उदपात्राला हात कोण लावतो? पिंग-खुन लग्नापासून बायकोच्या चर्चमध्ये जातो, उदबत्ती धरत नाही. न्यानला म्हातारा हात लावू देत नाही. परकी, त्यातून विधवा. उरला एकच.

वंग आजोबा तीन नंबरच्या शेडमध्ये होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, दात कोरायच्या काडीनं एका फुलातले पराग उचलून दुसऱ्यात ठेवत होता. हात अजिबात कापत नव्हता.

"जेवलीस का गं, चिएन?"

"वड्या खाल्ल्या."

"हां." पुढचं फूल. "आणि जेवलीस का?"

मी हो म्हटलं. न्यान मागे एकदा म्हणाली होती की ते हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारतात आणि थोरल्यासमोर तसं झालं की ती विषय बदलते. बापाचं डोकं गेलंय असं थोरल्याला वाटलं, तर सहा शेडांच्या जागी पुढच्याच वर्षी कारखान्याची भिंत उभी राहील.

"संगणकावरचं पाकीट छान नवं आहे," मी म्हटलं.

"मग? वर्षअखेरीला सगळं नवं करायचं. देव्हारा झाला, दारं झाली, ते राहिलं होतं." एवढं बोलून ते थांबले. काडी हवेत राहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

शेडबाहेर उलट्या बादलीवर मी बसले आणि माझ्या लक्षात उरलेलं आलं. म्हाताऱ्यानं वर्षअखेरची साफसफाई केली, खाऊ ठेवला, आणि बॅकअपही हातासरशी करून टाकावा म्हणून 'बॅकअपची सीडी' घातली. सगळे तिला तेच म्हणत होते. मीही तेच म्हणत होते. ठेवणं आणि परत आणणं यांतला फरक त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

पण नुसती सीडी घालून काही होत नाही. अशी सीडी विचारते: कोणती प्रत आणू, नक्की ना, आत्ताचं सगळं जाईल, चालेल ना? तीनतीनदा विचारते. ही एक नंबरची विचारत नव्हती, कारण मीच ती तशी बनवली होती. धाकट्याला जाऊन महिना झाला होता. म्हातारा म्हणाला, "मला त्या पडद्यावरचं वाचता येत नाही, पोरी. मुलगा वाचायचा. प्रश्न नकोत." मला त्याची दया आली. मी सगळे प्रश्न काढून टाकले, आणि कोणती प्रत आणायची तेही आतच लिहून टाकलं. पेटीत त्या दिवशी एकच प्रत होती, पहिली. पुढे प्रती वाढल्या की सीडी नवीन करून देऊ, असं ठरवलं होतं.

तीन वर्षं मी ते ठरवत होते.

५

चार वाजता गावप्रमुख चुआंग आले, चहा घेऊन बसले. पिंग-खुननं तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले.

"चूक माझी आहे. मी सीडी वाईट बनवली. ती काही न विचारता जुनं सगळं परत आणते. कुणाचाही हात लागला असता तरी हेच झालं असतं. दुकानाच्या वतीनं माफी मागते."

"पण हात कुणाचा?" पिंग-खुन म्हणाला.

"त्यानं काय फरक पडतो?"

मला खरंच तिथे थांबवायचं होतं. म्हाताऱ्याची लाज झाकली जाईल, न्यान सुटेल, शिव्या माझ्या दुकानाला. बरं चाललं होतं. न्याननं दाराशी उभ्या उभ्या श्वास सोडलेला मी ऐकला. तिची माझ्याकडे बघायची नजर बघितली आणि मला कळलं, तिलाही ठाऊक आहे. चोवीस तारखेला तिनं म्हाताऱ्याला संगणकापाशी बघितलं असणार.

चुआंग सहज म्हणाले, "मग आता काहीच परत येणार नाही का?"

"नाही. पेटी सात दिवस धरून ठेवते. चांगली प्रत नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत तिथे होती. त्याच्या आधी कुणी मला फोन केला असता, तर अर्ध्या तासात सगळं जागच्या जागी आलं असतं."

वंग आजोबांनी कप खाली ठेवला.

"सात दिवस?"

"हो, आजोबा."

"सात दिवस ते तिथेच होतं?"

"हो."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. मग म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. नोंदींत धाकट्याचं अक्षर... म्हणजे त्यानं भरलेलं शेवटचं पान वर आलं, आकड्यांवरून ओळखलं. म्हटलं, हे आता कसं आलं? मग समजलं. पडदा बंद केला आणि उठलो."

न्यान दारातून पुढे आली. 

"तुम्हाला आठवतंय, बाबा?"

"आठवतं."

"मला वाटलं, तुम्ही विसरलात." तिचा आवाज चढला नव्हता. "वर्षाच्या दुसऱ्या दिवशी मी संगणक उघडला तेव्हा बघितलं. म्हटलं, यांना आठवत नाही, विचारून लाज कशाला आणायची. सकाळपासून भाऊजी मला चोर म्हणतायत, तुम्ही समोर बसून लापशी खाल्लीत. तेव्हाही मला वाटलं, बिचाऱ्यांना आठवत नाही."

"थोरल्याला कळलं असतं तर त्यानं सगळं विकलं असतं," म्हातारा म्हणाला. "तू जाशील, पण शेड राहतील, असं वाटलं."

पिंग-खुन भिंतीकडे बघत होता. मला न्यानसाठी रडू येत होतं आणि म्हाताऱ्यासाठीही, आणि त्या दोघांना मीच इथे आणून बसवलं होतं.

न्याननं दारातली पिशवी ओढत आणली आणि टेबलावर उलटी केली. कपडे जेमतेम दोन होते. बाकी वह्या. अकरा.

"मी शेडमध्ये उभ्यानं आधी यांत लिहिते, मग संगणकात. एक वही पाण्यात भिजली, तेवढ्याच नंबरांसाठी कंपनीला फोन केला होता. चार दिवस दुपारी सगळे झोपले की माझ्या खोलीत बसून उतरवत होते. म्हटलं, गुपचूप भरून टाकीन, कुणाला कळायचं नाही."

पिंग-खुननं एक वही ओढून उघडली. पानं चाळली. "हे वाचता येत नाही."

"माझ्या भाषेत आहे, भाऊजी."

त्यानं वही मिटून ठेवली. आता घरात तिची गरज कुणाला आहे, हे चुआंगसुद्धा चहा ढवळता ढवळता समजले. मला वाटलं, ती आता वाटा मागणार, किंवा वह्या उचलून निघून जाणार. दोन्हीसाठी मी तिला दोष दिला नसता. बाहेर माझी स्कूटर होती. स्टेशनला सोडते म्हणायला माझी जीभ तयार होती.

"भाऊजींनी सकाळपासून किती जणांना फोन केले?" तिनं विचारलं.

पिंग-खुन पुटपुटला, "बागायतदारांपैकी... थोड्यांना. चौदा असतील."

न्याननं फोन उचलून म्हाताऱ्यासमोर ठेवला.

"सगळ्यांना सांगा, बाबा. तुमच्या तोंडानं."

"न्यान, लोक काय—"

"माझ्याबद्दल लोक काय म्हणाले, ते मी सकाळपासून ऐकतेय."

म्हातारा चुआंगकडे बघायला लागला, चुआंग कपात बघायला लागले. शेवटी त्यानं चष्मा चढवला. पहिला नंबर पलीकडच्या गावच्या फांगचा निघाला. एका बक्षिसावरून या दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

"फांग? मी वंग. हो, जिवंत आहे. ऐक. पिंग-खुन तुला म्हणाला ना, माझ्या सुनेनं नोंदी पुसल्या? तिनं नाही. मी पुसल्या. चुकून. आणि मग बारा दिवस गप्प बसलो, ते चुकून नाही." पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं. "नाही, प्यायलेलो नाही."

त्यानं फोन ठेवला. कपाळावर घाम होता. "एवढं पुरे आहे, न्यान. फांगला कळलं म्हणजे सगळ्या तालुक्याला कळलं."

मलाही ते पटलं. वयानं एवढा मोठा माणूस, किती सोलायचं त्याला? मी मध्ये पडायला तोंडही उघडलं.

न्याननं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली. त्या खोलीत म्हातारा बसलेला असताना ती बसलेली मी त्याआधी बघितली नव्हती.

"दुसरा नंबर," ती म्हणाली.

चौदा फोन झाले. तिनं एकही माफ केला नाही.